दोनशे चौदा नंबर

सिडको, नाशिक
मंगळवार

प्रिय वेदू,

पोस्टमनने हातात पाकीट दिलं म्हणून घाबरू नकोस, घरी सगळं ठीक आहे. तुझ्या आईचा गुडघा होता तसाच आहे, म्हणजे जिना उतरताना दुखतो आणि भजनाला जाताना दुखत नाही. वणीच्या मामाकडे द्राक्षाची छाटणी उरकत आली. भाऊबीजेला तो आला होता, तू का आली नाहीस म्हणून त्याने तीनदा विचारलं. मी म्हटलं, रजा मिळाली नाही. खरं सांगू का, मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. दिवाळीला रजा नाही म्हणणारी मुलगी दिवाळीच्या आधीच्या शनिवारी काही न कळवता पुण्याहून येते, एक रात्र राहते आणि रविवारी दुपारी निघूनही जाते, यात कुठेतरी पाणी मुरतंय हे मला तू चप्पल काढत होतीस तेव्हाच वाटलं होतं. पण तुझी आई म्हणाली, लेक आली तर आली, आता तिचीही उलटतपासणी घ्या. म्हणून काही विचारलं नाही.

फोनवर हे सांगता आलं असतं. पण फोनवर तू 'अप्पा, मीटिंगमध्ये आहे' म्हणतेस, आणि मला जे सांगायचंय ते तू मध्ये न बोलता ऐकायला हवंय. शिवाय लिहिताना माणूस थोडा कमी चिडतो. गेल्या पंधरा दिवसांत मी तुझ्यावर किती चिडलो आणि मग कोणावर चिडलो, हे सगळं क्रमाने सांगतो. घाईने शेवटचं पान वाचू नकोस, ती सवय तुला लहानपणापासून आहे.

तुझ्या आईच्या मते मी जन्मतःच संशयी. सिलिंडर आला की सील बोटाने फिरवून बघतो, रिक्षावाल्याने नेहमीचा रस्ता सोडला की माझी मान वळते, कुलूप लावल्यावर तीनदा ओढतो. लग्नात मुहूर्त दोन पंचांगांत पडताळला होता, हे ती अजून चारचौघांत सांगते. सांगू दे. चौतीस वर्षं मी त्या संशयाचाच पगार घेतला. अंबडच्या आमच्या ऑफिसात ड्रॉइंग काढणारे सात-आठ जण होते, तपासणारा मी एकटा. बरोबर असेल त्यावर पिवळी पेन्सिल, चूक असेल तिथे लाल. एकेक पाइप, एकेक व्हॉल्व्ह, एकेक गोल, त्या गोलातलं एकेक अक्षर. शीट पूर्ण पिवळं झाल्याशिवाय मी सही करत नव्हतो. पोरं माझ्यामागे मला हळद्या म्हणायची, मला माहीत होतं. त्याचा रागही नव्हता.

तू सहावीत असशील, एका शनिवारी माझ्याबरोबर ऑफिसात आली होतीस. टेबलावर पसरलेलं शीट बघून विचारलंस, एवढे गोल कशाला काढलेत. मी सांगितलं, हा कारखान्याचा नकाशा आणि गोल म्हणजे घरावरची पाटी. वरची अक्षरं सांगतात घरात कोण राहतं, दाब मोजणारा की तापमान मोजणारा. खालचा आकडा सांगतो घर कितवं. पाइपलाही असाच नंबर, व्हॉल्व्हलाही. कागदावर जो आकडा, तोच पत्र्याच्या पाटीवर ठोकायचा आणि ती पाटी कारखान्यात त्या त्या व्हॉल्व्हला तारेने बांधायची. मग तू विचारलंस, घर पाडलं तर त्याचा नंबर कोणाला मिळतो. मला तेव्हा फार कौतुक वाटलं होतं, कारण हा प्रश्न डिप्लोमा झालेली पोरंही विचारत नाहीत. मी म्हटलं, कोणालाच नाही. नंबर मेला की मेला. रजिस्टरात त्यावर लाल काट मारायची, पुढे 'रद्द' लिहायचं आणि नव्या व्हॉल्व्हला पुढचा नवा आकडा द्यायचा. मध्ये भोक राहिलं तर राहू दे. नाहीतर पोस्टमन जुन्या घराची पत्रं नव्या घरात टाकतो. हे एवढंच माझं शास्त्र, पण त्यावर मी कधी तडजोड केली नाही, असं मी परवापर्यंत छातीठोकपणे सांगत होतो.

सिन्नरच्या त्या रेझिनच्या कारखान्यात काय झालं ते आईने तुला फोनवर सांगितलं. पण तिने सांगितलेलं आणि घडलेलं यात थोडं अंतर असतं. दसऱ्यानंतरच्या गुरुवारी तिथे वाफेच्या पाइपावरच्या एका जोडाचं गॅस्केट बदलायचं होतं. कामाच्या परवान्यावर लिहिलं होतं, दोनशे चौदा नंबरचा व्हॉल्व्ह बंद करून काम करा. नेहमीचा ऑपरेटर रजेवर, म्हणून गोदामाकडचा हिरामण भोये तिथे उभा केला. त्याने दोनशे चौदाची पाटी शोधली, ती खाली जमिनीजवळच्या एका व्हॉल्व्हवर सापडली. व्हॉल्व्ह जाम होता, तो पान्याने फिरवून बंद केला, त्याला आपलं कुलूप घातलं आणि झिपरू फिटरला सांगितलं, कर सुरू. लाइनीत दाब उरलाय का हे बघायला तिथे गेज होता, तो दुरुस्तीला म्हणून दोन महिन्यांपूर्वी काढून नेलेला. झिपरूने बोल्ट सैल केले आणि वाफ आली. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले, मानेची एक बाजूही. जीव वाचला. मांडीची कातडी काढून हातांना लावतायत.

चौकशीचं म्हणणं असं की हिरामणने भलताच व्हॉल्व्ह बंद केला. खरा दोनशे चौदा वर प्लॅटफॉर्मवर होता आणि उघडाच राहिला. हिरामणला घरी बसवलंय. येत्या सोमवारी शेवटची बैठक आहे, तिथे दोष त्याच्या माथी पक्का झाला की नोकरी जाणार आणि निष्काळजीपणाचा कागद पोलिसांत जाणार. हिरामण पहिल्या दिवसापासून एकच वाक्य बोलतो, की मी पाटी वाचूनच हात लावला. आणि आता त्या खालच्या व्हॉल्व्हवर पाटीच नाही.

तू यायच्या आधीच्या रविवारी त्याची बायको सरिता आपल्याकडे आली होती. मुसळगावहून जीपने, मग बसने, मग पत्ता विचारत विचारत. पिशवीत नागलीचं पीठ. माझ्या मनात पहिलं काय आलं असेल, तर हिला कोणीतरी पढवून पाठवलंय. म्हणून मी खुर्चीत ताठ बसून राहिलो. ती दाराशीच बसली आणि म्हणाली, तात्या, आमचा मानूस शिकेल नाय, पन आकडा वाचल्याबिगर कशाला हात लावत नाय, तुमीच लावली त्याला ती सवय. दोन हजार पंधरा साली त्या कारखान्यात नवी लाइन पडली, तेव्हा मी शीट घेऊन पाइपामागे फिरायचो आणि शिडी धरायला हिरामण असायचा. पेठहून नुकताच आलेला. आधी पाटी वाच, मग हात लाव, असं मी त्याला दिवसातून दहादा सांगायचो. त्याच्या बायकोने तेच माझ्यापुढे आणून ठेवलं. मी फक्त बघतो म्हणालो. ती गेल्यावर तुझी आई म्हणाली, बाई इतक्या लांबून आली आणि तुम्ही तिच्याकडे ड्रॉइंगकडे बघावं तसं बघत होतात. ते खरं होतं.

दोन दिवसांनी मॅनेजरचा फोन आला, महेश दातीर. इतकं गोड बोलला की मला तिथेच शंका आली. काका, तुमचे नंबर म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, कमिटीसाठी दोन ओळी लिहून द्या की ड्रॉइंग बरोबर होतं, एक सही, बस्स. गाडी पाठवतो म्हणाला. आयुष्यात मला कोणी गाडी पाठवली नव्हती. मी बसने गेलो, तू पुण्याला परत गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी.

तिथे त्याने नवं शीट दाखवलं. चार वर्षांपूर्वी कुठल्याशा एजन्सीकडून सगळी ड्रॉइंग्ज पुन्हा काढून घेतली, रंगीत, छान. त्यावर दोनशे चौदा एकच, तो प्लॅटफॉर्मवरचा. खालच्या व्हॉल्व्हचं त्या शीटवर नावनिशाण नाही. मी म्हटलं, जागा बघतो. खालचा व्हॉल्व्ह मी बघितल्याबरोबर ओळखला. ती जुनी वाफेची लाइन दोन हजार नऊ सालीच बंद झाली होती. व्हॉल्व्ह काढायचा असं आपण शीटवर लिहूनही दिलं होतं, पण काढतो कोण, तो तसाच गंजत राहिला. आणि त्याचा नंबर दोनशे चौदाच होता, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. मी उकिडवा बसलो, चष्मा कपाळावर सरकवला आणि व्हॉल्व्हच्या मानेवरून बोट फिरवलं. सगळीकडे गंज आणि रंगाचे थर, आणि मध्ये तारेएवढी बारीक चकचकीत रेघ, गोल. तिथे वर्षानुवर्षं तार होती आणि ती नुकतीच कापली होती. मागे दातीर उभाच होता. चहा पिताना सहज विचारल्यासारखं त्याने विचारलं, काका, जुनी शीटं घरी ठेवलीत का हो काही. मी म्हटलं, कसली शीटं, सगळी रद्दीत गेली. दोन ओळी लिहून न देताच मी उठलो.

खोटं बोललो होतो हे तुला सांगायला नको. ऑफिस बंद झालं, साहेब वारले, कॉम्प्युटर विकले गेले, तेव्हा मी काही तपासणीची प्रिंटं रोल करून घरी आणली होती. कपाटावर, जुन्या गादीच्या मागे. त्यात सिन्नरच्या त्या भागाचं पंधरा सालचं शीट आहे, त्यावर कारखान्याचा पोच शिक्का आहे आणि एका कडेला जुना व्हॉल्व्ह त्याच्या नंबरासकट तुटक रेषेत आहे. ते कमिटीपुढे ठेवलं की हिरामण खरा ठरतो. नव्या व्हॉल्व्हला आपण वेगळा आकडा दिला असणार आणि त्या एजन्सीने मधलं भोक बघून तिथे दोनशे चौदा घातला असणार, असा माझा पक्का समज. बसमध्ये मी त्या एजन्सीवाल्यांना मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की माझा स्टॉप निघून गेला. घरी आलो, स्टूल घेतलं, गादी बाजूला केली. रोल नव्हता.

मग माझं जे झालं ते तुझ्या आईकडून ऐक. पहिला संशय भंगारवाल्यावर. त्याला शिवाजी चौकापर्यंत जाऊन गाठलं, तो बिचारा देवाची शपथ घेत राहिला. मग दातीरवर, त्याने माणूस पाठवून घरातून काढून नेला असणार. दोन दिवस मी खिडक्यांच्या कड्या तपासत होतो. मग तुझ्या आईवर, कारण सरिता येऊन गेल्यापासून ती माझ्याशी कमीच बोलत होती, आणि नसती भानगड नको म्हणून तिने तो बंबात घातला असेल, असं मी तिला तोंडावर विचारलं. ती म्हणाली, बंब विकून बारा वर्षं झाली. पुढचे दोन दिवस मला भाकरी मिळाली, पण वाढली नाही, आपण आपली घेतली.

आणि मग शेजारच्या सरुबाई मेथी निवडत ओट्यावर बसल्या होत्या, त्यांनी सहज विचारलं, लेकीला एवढी मोठी छत्री कशाला दिली हो, पाऊस तर संपला. मी म्हटलं, कसली छत्री. त्या म्हणाल्या, रविवारी तुम्ही दाढी करायला गेला होतात, तेव्हा नाही का ती रिक्षात बसली, लांब काहीतरी ओढणीत गुंडाळलेलं होतं.

वेदू, मी तसाच घरात आलो. द्वारका चौकातून सुटणारी पुण्याची बस सिन्नरवरूनच जाते. हिरामणच्या खोलीपासून दोन-तीन कोसांवरून तू ते शीट मांडीवर घेऊन गेलीस. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगणार कोणाला. तुझ्या आईलाही दोन दिवस सांगितलं नाही. भाऊबीजेला मामाशी तुझ्या रजेविषयी खोटं बोललो ते त्याच दिवसांत. याआधी तुझा संशय मी कधी घेतला नव्हता. दहावीत तू पेपर सोपा गेला म्हणालीस की मी पेढे आणायचो, निकालाची वाट बघत नव्हतो. तुझ्या बाबतीत मी माझाच धंदा विसरायचो, हे आता कळतं.

पण तू ते का नेशील, हे मला सुटेना. सुटत नसलं की मी मुळाशी जातो, आणि मूळ म्हणजे नंबरांचं रजिस्टर. ते रोलमध्ये नव्हतं. ते कुठे होतं माहीत आहे का? स्वयंपाकघरातल्या कपाटाचा एक पाय आखूड आहे, त्याखाली तुझ्या आईने सहा वर्षांपूर्वी सारलं होतं. तुला ते माहीत नसणार. काल दुपारी मी कपाट उचलून धरलं आणि तिने ते ओढून काढलं. दोनशेच्या पानावर गेलो. दोनशे चौदा, त्यावर माझी लाल काट, पुढे 'रद्द' आणि नऊ सालची तारीख. आणि त्या ओळीखालच्या चिंचोळ्या जागेत पेन्सिलने, बारीक, तिरकं: दोनशे चौदा, नवी वाफ लाइन, प्लॅटफॉर्म. ते अक्षर एजन्सीचं नव्हतं. त्या अक्षरात लिहिलेली पत्रं मला होस्टेलवरून चार वर्षं येत होती.

तुझ्या तिसऱ्या वर्षाची सुट्टी होती ती. तूच म्हणालीस, घरी बसण्यापेक्षा ऑफिसात येते. साहेब म्हणाले, येऊ दे, शिकाऊ म्हणून एखादं शीट काढू दे. ते शीट सिन्नरचं. दोनशे तेरा आहे, दोनशे पंधरा आहे, मध्ये जागा मोकळी, आणि रद्द म्हणजे मोकळाच, असं तुला वाटलं असणार. दुसऱ्या कोणत्याही पोराला मी पहिल्याच दिवशी बसवून सांगायचो की मेलेला नंबर पुन्हा द्यायचा नाही. तुला सांगितलं नाही. हिला ठाऊकच आहे म्हणून धरून चाललो. सहावीत एकदा सांगितलेलं एकविसाव्या वर्षी तुझ्या ध्यानात असेल, असा हिशोब करणारा मी मूर्ख.

पण तुझ्या अक्षरावर गोष्ट संपत नाही. त्या ओळीच्या शेवटी 'तपासले' असं लिहिलंय आणि पुढे शाईने सही आहे, ती माझी. सही बघितली आणि तो शनिवार आठवला. मी ते प्रिंट घरी आणलं होतं, रात्री तपासतो म्हणून. कॉटवर पसरलं. वरच्या मजल्यावरच्या चांगुणाकाकूंना बोलावून दाखवलं, की बघा, कोपऱ्यात वर पोरीचं नाव आणि त्याखाली माझी जागा. पिवळी पेन्सिल हातात घेतली होती. आणि हात धजावला नाही गं. तुझं पहिलं शीट, स्वच्छ, ते कशाला रंगवायचं असं वाटलं. सोमवारी सही करून देऊन टाकलं. चौतीस वर्षांत मी न तपासता सही केलेलं ते एकच शीट. तू रोल उघडून बघितलाच असशील, बाकीची सगळी प्रिंटं हळदीने माखल्यासारखी आहेत आणि ते एक पांढरं आहे. पाट्या त्याच शीटवरून ठोकल्या. त्या एजन्सीने चार वर्षांपूर्वी चालू लाइनींवर जे होतं ते उतरवलं. ज्यांना मी शिव्या दिल्या त्यांचा काडीचा दोष नाही. हिरामणने मी सांगितलं तेच केलं, पाटी वाचली.

दातीरने पाटी कापली असेल तर ते त्याचं पाप, ते तो फेडील. पण तो कापायला गेला ती पाटी चुकीची ठरली माझ्यामुळे. झिपरूला मी काल संध्याकाळी दवाखान्यात जाऊन बघून आलो. बँडेज कोपराच्या वरपर्यंत आहे, बायको चमच्याने भात भरवत होती. मी कोण हे त्याला माहीत नव्हतं. त्याला वाटलं कारखान्याने पाठवलं, म्हणून तो उठून बसायला लागला. मला तिथे पाच मिनिटंही थांबवेना.

घरी येऊन तुझ्या आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, शीट परत आलं तर नावांचा कोपरा कापून द्या, नावं नसली म्हणून नंबर थोडेच बदलतात. आई आहे ती, मी रागावलो नाही. पण कोपरा कापलेलं शीट म्हणजे बेवारस कागद, तो कोण धरणार. आणि सोमवारी दातीर विचारणार, काका, हे कोणी काढलं, कोणी तपासलं. तुझ्या नोकरीत आता बढतीची वेळ आहे, हे तिने मला दोनदा बजावलं. मला ते माहीत आहे. हिरामणच्या नोकरीची वेळ सोमवारची आहे.

तर हे पत्र कशासाठी, ते आता लिहितो. ते शीट घेऊन तू शनिवारी ये. कुरिअर करू नकोस, मला कुरिअरवर भरवसा नाही. तू आली नाहीस तरी सोमवारी मी जाणार आहे, रजिस्टर घेऊन, आणि जे इथे लिहिलं तेच तोंडाने सांगणार आहे. पण रजिस्टराला ते घरातली वही म्हणतील, पोच शिक्का शीटवर आहे, आणि त्याशिवाय हिरामण सुटेलच याची मला खात्री नाही. वर तुझं नाव आहे ते सगळ्यांना दिसेल, मी त्यावर अंगठा ठेवणार नाही. मी एवढंच सांगेन की शिकाऊ पोरीने चूक केली, ती पकडायचा पगार मी घेत होतो आणि पकडली नाही. आता शेवटचं. तू ते शीट मला वाचवायला नेलंस की स्वतःला, हे मी कालपासून दोन्ही बाजूंनी पडताळतोय आणि मला ठरवता येत नाही. तुझी आई म्हणते, हे तरी विचारू नका, लेकीवर एवढा तरी विश्वास ठेवा. पण वेदू, दहा वर्षांपूर्वी मी तुला काही न विचारता सही केली आणि झिपरूचे हात भाजले. म्हणून विचारतोय. उत्तर काहीही असलं तरी त्या रात्री आपण तिघं एकत्र जेवू, पण ते उत्तर तू माझ्यासमोर बसून दे.

तुझाच,
तुझ्या नावाखाली ज्याची सही आहे तो,
अप्पा